सायकलस्वारांच्या बैठकीच्या जखमा: उपाय मलमात की मापात?

वळणवाट
लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी बैठकीच्या जागी पुळ्या, सोलवटलेली त्वचा किंवा दुखरी गाठ यांचा त्रास होतो, पण जागा अडचणीची असल्यामुळे त्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. विचारले तर ‘सवय होईल’, ‘मऊ सीट घे’ आणि ‘पेट्रोलियम जेली लाव’ ही तीनच उत्तरे आलटूनपालटून मिळतात. यांतले खरे किती, हा माझा पहिला प्रश्न आहे. मी पॅडेड शॉर्ट्स वापरते आणि कमी अंतरावर मला काही जाणवत नाही. शंभर किलोमीटरच्या पुढे मात्र चुरचुर सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी तिथे केसतूड उठलेले असते. सीट, कपडे, मलम आणि विश्रांती यांपैकी सुरुवात कशापासून करावी? ज्यांनी हा त्रास खरोखर आटोक्यात आणला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गिअरबदलू
‘सवय होईल’ हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. नव्याने सायकल चालवणाऱ्याची बसण्याची हाडे पहिले दोन-तीन आठवडे दुखतात आणि नियमित चालवत राहिल्यास ते दुखणे आपोआप कमी होते. त्यामुळे लगेच नवी सीट, नवी शॉर्ट्स अशी खरेदी करत सुटू नये, असे माझे मत आहे.

उभापेडल
सवयीने सीट मऊ होते की आपण निबर होतो, याचा खुलासाही करावा.

त्वचारक्षक
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि सायकलही चालवतो. गिअरबदलू यांचे म्हणणे हाडांवरच्या ठणक्यापुरते बरोबर आहे, त्वचेच्या जखमेला मात्र ते लागू होत नाही. सोललेल्या त्वचेला घर्षणाची सवय होत नसते. ती आणखी सोलली जाते.

ही जखम चार गोष्टी एकत्र आल्यावर होते: दाब, घर्षण, ओलावा आणि जंतू. दाबामुळे त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो, घामाने भिजलेली त्वचा मऊ पडते, पेडलच्या प्रत्येक फेरीबरोबर ती कापडावर घासली जाते आणि तिचे वरचे आवरण फाटले की त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जंतू, विशेषतः स्टॅफिलोकोकस ऑरियस, आत शिरतात. सुरुवातीला केवळ लाली आणि चुरचुर असते. पुढे केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या येतात, त्यांतली एखादी खोलवर गेली की केसतूड होते, आणि तेही दुर्लक्षित राहिले तर पू साठून गळू होते. वर्षानुवर्षे खूप सायकल चालवणाऱ्यांमध्ये याहून वेगळी, कठीण आणि पू नसलेली गाठही आढळते. ती जंतूंमुळे होत नसून त्वचेखालच्या ऊतींवर सतत पडणाऱ्या दाबामुळे होते, म्हणून तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही.

तेव्हा ‘कोणते मलम लावू’ याआधी जखम नेमकी कुठे आहे आणि कोणत्या प्रकारची आहे, हे पाहावे लागते. वळणवाट यांनी हे दोन्ही सांगितले तर पुढे बोलता येईल.

मापपट्टी
वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी सायकल आणि सायकलस्वार यांची मापे जुळवण्याचे काम करतो आणि माझ्या अनुभवात जखमेची जागा अर्धे निदान करून देते. बरोबर हाडांखाली त्रास असेल तर सीटची रुंदी किंवा पॅडचा दर्जा तपासावा. पुढच्या मऊ भागावर असेल तर सीटचे टोक वर झालेले असते किंवा हँडलबार फार दूर अथवा फार खाली असतो. जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला असेल तर सीट गरजेपेक्षा रुंद असते किंवा शॉर्ट्सची शिवण घासत असते. आणि त्रास एकाच बाजूला असेल, तर मलमाची डबी बाजूला ठेवून आधी सीटची उंची मोजावी.

संथचाल
हे सगळे करण्यापेक्षा जेलचे जाड कव्हर घालणे सोपे नाही का? मी गेली काही वर्षे तेच वापरतो आहे आणि तक्रार नाही.

मापपट्टी
संथचाल, आपण एका वेळी किती चालवता त्यावर ते अवलंबून आहे. सरळ बसून तासाभराची फेरी मारणाऱ्याला जेलचे कव्हर चालते आणि आपला अनुभव मी खोटा म्हणणार नाही. लांब अंतरावर मात्र मऊपणा उलटतो. मऊ गादीवर ठेवलेली वाटी काठापर्यंत रुतते, तशी हाडे जेलमध्ये रुततात आणि जो भार हाडांनी पेलायचा तो मधल्या नाजूक भागावर येतो. शिवाय जेल प्रत्येक फेरीला थोडे इकडेतिकडे सरकते, म्हणजे घर्षण वाढते, आणि उष्णता धरून ठेवते, म्हणजे घामही वाढतो. अनेक अनुभवी सायकलस्वार लांब पल्ल्याला चक्क कडक वाटणारी सीट पसंत करतात, ते उगीच नाही.

सीट कडक असो वा मऊ, ती आपल्या रुंदीची हवी. ही रुंदी घरीही मोजता येते. कठीण स्टुलावर पन्हाळी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, त्यावर पाय थोडे उचलून, पुढे वाकून बसावे आणि उठल्यावर जे दोन खळगे दिसतील त्यांच्या मध्यांतील अंतर मोजावे. बहुतेकांचे ते १० ते १६ सेंटीमीटरच्या दरम्यान भरते. सीट त्याहून साधारण २ सेंटीमीटर रुंद असावी; फार वाकून चालवणाऱ्याला थोडी अरुंद चालते, ताठ बसणाऱ्याला आणखी रुंद लागते. वजनाचा किंवा नितंबांच्या आकाराचा या मापाशी फारसा संबंध नसतो.

चाकोरी
पुठ्ठ्यावर बसून पाहिले. घरच्यांनी काय चालले आहे असे विचारले, त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. माप मात्र मिळाले.

रात्रप्रवासी
मी ब्रेव्हे प्रकारच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या करतो. तिथे ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात, म्हणजे सीटवरून फार काळ उतरण्याची सोय नसते. त्यामुळे कपड्यांबद्दल आम्ही काटेकोर असतो.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालू नये, ही पहिली गोष्ट. हे ऐकून नवख्यांना संकोच वाटतो, पण पॅड थेट त्वचेला लागून राहावे अशाच रीतीने ते बनवलेले असते. मध्ये सुती कापड आले की ते घाम धरून ठेवते आणि त्याच्या शिवणी नेमक्या नको तिथे रुततात. शॉर्ट्स अंगाला घट्ट बसली पाहिजे, कारण सैल पॅड त्वचेवर सरकते. कमरेच्या इलॅस्टिकऐवजी खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट्स यासाठीच चांगली, तिचे पॅड जागचे हलत नाही.

एकदा घातलेली शॉर्ट्स न धुता पुन्हा घालू नये. उलटी करून सौम्य साबणाने धुवावी, कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून कापडाची घाम शोषण्याची क्षमता कमी होते. मुक्कामाच्या प्रवासात धुतलेली शॉर्ट्स कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळली की बरेच पाणी निघून जाते. तरीही पॅड दमट राहिले तर दुसरी जोडी घालावी. ओले पॅड घालून निघण्यापेक्षा दोन जोड्यांचे ओझे परवडते.

उतारप्रेमी
आणि फेरी संपल्यावर त्याच शॉर्ट्समध्ये गप्पा मारत बसणे बंद करावे. निम्मे जंतू त्या गप्पांच्या वेळातच वाढत असावेत.

त्वचारक्षक
विनोद बाजूला ठेवला तरी उतारप्रेमी यांचा सल्ला महत्त्वाचा आहे. आंघोळ लगेच शक्य नसेल तर निदान ओले कपडे बदलून सुगंधरहित ओल्या पुसणीने जागा स्वच्छ करावी आणि ती पूर्ण कोरडी होऊ द्यावी. स्पिरिट लावून ‘निर्जंतुक’ करण्याची पद्धत काही जणांमध्ये आहे. तिने त्वचेचे नैसर्गिक आवरण कोरडे पडून भेगाळते, म्हणून ती टाळावी.

सपाटरस्ता
क्रीमबद्दल कोणीच काही बोलत नाही, म्हणून विचारतो. शॅमॉय क्रीम, म्हणजे शॉर्ट्सच्या पॅडच्या जागी लावायचे क्रीम, खरोखर लागते का, की ते विक्रेत्यांचे खूळ आहे?

रात्रप्रवासी
पूर्वी शॉर्ट्समध्ये खऱ्या चामड्याचा तुकडा शिवलेला असे, तो धुतल्यावर वाळून कडक होई आणि त्याला मऊ करण्यासाठी क्रीम चोळत असत. आताच्या कृत्रिम पॅडला त्याची गरज नाही. आता क्रीम लावायचे ते घर्षण कमी करण्यासाठी, म्हणून ते जिथे घासते तिथे त्वचेवर लावावे. दोन तासांच्या फेरीला मी काहीच लावत नाही. दिवसभराच्या फेरीला लावतो आणि मध्यावर पुन्हा एकदा लावतो. पेट्रोलियम जेलीने घर्षण कमी होते हे खरे, पण ती पॅडमध्ये मुरते, धुतल्यावर सहजी निघत नाही आणि कापडातून हवा खेळू देत नाही. पावसात मात्र मला तीच बरी वाटते, कारण ती पाण्याने वाहून जात नाही. टाल्कम पावडर घामात भिजून तिचे कण आणि गोळे त्वचेवर घासतात, तिच्या वाटेला जाऊ नये.

निळीसायकल
स्त्रियांच्या बाजूने दोन गोष्टी जोडते, कारण इथले बहुतेक सल्ले पुरुषांच्या शरीररचनेला धरून आहेत. मेंथॉलयुक्त किंवा सुगंधी क्रीम स्त्रियांनी वापरू नये. जो थंडावा पुरुषांना सुखद वाटतो, तो नाजूक आंतरत्वचेवर आग होऊन उठतो.

दुसरी गोष्ट केसांची. स्वच्छतेच्या कल्पनेने तिथले केस मुळापासून काढण्याची पद्धत आहे, पण केस त्वचा आणि कापड यांच्यामध्ये घर्षण कमी करणारा थर म्हणून काम करतात आणि वस्तरा किंवा वॅक्सनंतर केस आतल्या आत वाढून पुळ्या होतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या तयारीत ब्रिटनच्या सायकलिंग संघाने या विषयावर तज्ज्ञांना एकत्र बसवले होते आणि त्यानंतर महिला खेळाडूंना वस्तरा व वॅक्स बंद करण्याचा सल्ला दिला गेला. तक्रारी त्यानंतर लक्षणीय घटल्या. त्याच सुमारास यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सीटचे टोक पूर्वीपेक्षा अधिक, ९ अंशांपर्यंत, खाली झुकवण्याची मुभा दिली. पुढे वाकून शर्यत करणाऱ्या स्त्रियांच्या नाजूक भागावरचा दाब त्यामुळे कमी करता येऊ लागला. म्हणजे जगातले उत्तम खेळाडू ‘सहन करा’ म्हणत बसले नाहीत. केस त्रासदायक वाटत असतील तर कात्रीने बारीक करावेत, तेवढे पुरते.

गिअरबदलू
उत्तम खेळाडूंनी सहन केल्याची उदाहरणे मात्र पुष्कळ आहेत. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७४ च्या टूर द फ्रान्स या शर्यतीच्या अवघ्या काही दिवस आधी याच भागात शस्त्रक्रिया करून घेतली, जखम पुरती भरलेली नसताना शर्यत केली आणि ती जिंकली. लुईझाँ बोबेने १९५५ ची टूर अशाच जखमांसह जिंकली.

निळीसायकल
आणि शॉन केलीला १९८७ च्या व्हुएल्ता या स्पेनमधल्या शर्यतीत सर्वांच्या पुढे असताना, शर्यत संपायला थोडेच दिवस उरले असताना, याच दुखण्याने माघार घ्यावी लागली. लोराँ फिन्योँ १९८९ ची टूर शेवटच्या दिवशी ८ सेकंदांनी हरला, तेव्हा त्यालाही नीट बसता येत नव्हते. जिंकलेल्यांचीच गोष्ट सांगायची असेल तर सहनशक्तीचे गुण गाता येतात. शिवाय मर्क्सच्या दिमतीला शल्यविशारद होते, आपल्या दिमतीला कोण आहे?

उभापेडल
आठ सेकंद! इतका वेळ तर मी सीटवर नीट बसण्यात घालवतो.

संथचाल
घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच धरून ठेवणाऱ्या स्टँडवर, चालवताना बाहेरच्यापेक्षा लवकर दुखते, हा माझा भास आहे का?

मापपट्टी
भास नाही. रस्त्यावर खड्डा, वळण, उतार, सिग्नल अशा निमित्ताने आपण नकळत सीटवरून उठतो आणि सायकलही अंगाखाली डुलते. ट्रेनरवर ती घट्ट धरलेली असते, पाय थांबवून नुसते घरंगळत जाण्याची संधी नसते आणि वारा नसल्याने घाम निथळतो. मोठा पंखा लावावा आणि दर दहा मिनिटांनी अर्धा-एक मिनिट उभ्याने पेडल मारावे. रस्त्यावरही हा नियम पाळता येतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पायांनी पेडलवर जितका जोर लावाल, तितका बैठकीवरचा भार हलका होतो. म्हणून चढावर कोणी बसण्याची तक्रार करत नाही आणि वारा पाठीशी असताना सपाट रस्त्यावर हलक्या गिअरमध्ये निवांत पाय फिरवताना मात्र दुखू लागते. दमल्यावर पाय सुटतात आणि सगळे वजन सीटवर येते. फेरीच्या शेवटच्या टप्प्यात त्रास वाढण्याचे हेही एक कारण आहे. टायरमधली हवा थोडी कमी ठेवणे, जमल्यास टायर रुंद घेणे यानेही खालून येणारे हादरे कमी होतात.

चाकोरी
त्वचारक्षक, आता झालेल्या जखमेचे काय करावे, तेही सांगावे. मला दुखणे नसते, पण तासाभरात तो भाग बधिर होतो. तोही याच विषयात येतो का?

त्वचारक्षक
आधी बधिरतेबद्दल. ती त्वचेची जखम नाही. मधल्या भागातल्या प्युडेंडल मज्जातंतूवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब पडल्याचे ते लक्षण आहे. क्रीमने तिच्यात काही फरक पडणार नाही. सीटचे टोक किंचित खाली घ्यावे, मध्ये खाच असलेली सीट वापरून पाहावी आणि बधिरता आली की लगेच उभे राहावे. सायकलवरून उतरल्यावरही ती टिकत असेल तर डॉक्टरांकडे जावे.

जखमेचे उपचार अवस्थेप्रमाणे बदलतात. केवळ लाली किंवा सोललेली त्वचा असेल तर सौम्य साबणाने धुऊन, टिपून कोरडी करून झिंक ऑक्साइडचे मलम लावावे, सैल कपडे घालावेत आणि सायकल बंद ठेवावी. दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. केसांच्या मुळाशी पुळ्या असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या द्रावणाने धुण्याचा उपयोग होतो, मात्र ते रंगीत कपड्यांचा रंग उडवते आणि सोललेल्या त्वचेवर झोंबते. केसतूड असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा शेक द्यावा. ते पिळू नये आणि सुईने फोडू नये. दाबल्याने पू बाहेर येण्याऐवजी आत पसरतो.

गाठ वाढत असेल, सभोवतालची लाली पसरत असेल, ताप आला असेल किंवा मधुमेह असेल तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे. साठलेला पू छेद देऊन काढावा लागतो, केवळ गोळ्यांनी तो जात नाही. गुदद्वाराजवळची गाठ वारंवार फुटून वाहत असेल तर ते भगंदर असू शकते, आणि काखेतही तशाच गाठी येत असतील तर तो वेगळाच दीर्घकालीन आजार असू शकतो. प्रत्येक गाठीचे खापर सायकलवर फोडू नये.

एक इशारा आवर्जून देतो. जांघेत गोलाकार, कडेने पसरणारे आणि खाजणारे चट्टे असतील तर ते बहुधा गजकर्ण असते. त्यावर स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक यांचे मिश्र मलम लोक स्वतःच्या मनाने लावतात. स्टेरॉइडमुळे खाज थांबते, बरे वाटते आणि बुरशी आत फोफावत राहते. महिनोन्महिने अशा मलमावर काढलेला रुग्ण बरा करणे आम्हाला मूळ आजारापेक्षा अवघड जाते.

उतारप्रेमी
डॉक्टरांकडे जायचे म्हटले की लोक तिथे बसायलाही तयार नसतात. तसेही त्यांना बसता येत नसतेच.

वळणवाट
सर्वांचे आभार. मापपट्टी यांच्या प्रतिसादानंतर नीट पाहिले. माझे केसतूड दर वेळी उजव्याच बाजूला, मांडी आणि नितंब यांच्यामधल्या घडीत येते. डावीकडे काहीच नसते. शॉर्ट्स उलटी करून पाहिली तर पॅडचा उजवा कडेचा भाग डाव्यापेक्षा स्पष्टपणे अधिक झिजलेला आहे.

त्वचारक्षक
मग स्वच्छता हे मुख्य कारण नाही. जंतू आणि घाम दोन्ही बाजूंना सारखेच असतात. एकाच बाजूला जास्त काय आहे, ते शोधायला हवे.

मापपट्टी
झिजलेल्या पॅडने उत्तर जवळजवळ दिलेच आहे. सीट गरजेपेक्षा उंच असली की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही आणि कंबर एका बाजूला उतरते. पायांच्या लांबीत थोडा फरक असेल तर ती नेहमी त्याच बाजूला उतरते. सायकल ट्रेनरवर लावून कोणाकडून तरी मागून चित्रीकरण करून घ्यावे आणि कमरपट्ट्याची रेषा डोलते का ते पाहावे. उंचीचा ढोबळ अंदाज हवा असेल तर जांघेपासून जमिनीपर्यंतच्या उंचीला ०.८८३ ने गुणावे. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर असावे. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहिला पाहिजे. सीटचे टोक बरोबर पुढच्या दिशेला आहे ना आणि तिच्या खालची सळई एका बाजूला वाकलेली नाही ना, तेही पाहून घ्यावे.

वळणवाट
चित्रीकरण पाहिले. उजवे पेडल खाली जाताना दर वेळी कंबर उजवीकडे झुकते आहे आणि सूत्राच्या मानाने सीट सव्वा सेंटीमीटर उंच निघाली. आता एकदम खाली घेऊ का? आणि सध्याचे केसतूड पुरते बसेपर्यंत थांबायचे की ड्रेसिंग लावून चालवता येईल?

त्वचारक्षक
ड्रेसिंग लावून केसतुडावर बसू नये. वरवर सोलवटलेल्या त्वचेवर हायड्रोकोलॉइड पट्टी (ओलावा धरणारी जेलसारखी चिकटपट्टी) लावून नाइलाजाने थोडे अंतर कापता येते, पण खोल गाठीवर दाब पडत राहिला तर ती बरी होण्याऐवजी कायमची कठीण होऊन बसते. बोटाने दाबल्यावर दुखत नाही आणि त्वचा पूर्ण मिटली आहे, अशी खात्री झाल्यावर लहान अंतरापासून सुरुवात करावी. गाठ काही आठवडे तशीच राहिली तर सोनोग्राफी करून घ्यावी.

मापपट्टी
एकदम खाली घेऊ नये, गुडघे तक्रार करतात. ३ ते ५ मिलिमीटर खाली घेऊन काही फेऱ्या कराव्यात, मग पुढचा टप्पा घ्यावा, आणि त्या काळात सीट, शॉर्ट्स किंवा क्रीम यांतले दुसरे काही बदलू नये, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. हलवण्यापूर्वी सीटपोस्टवर (सीटखालच्या उभ्या दांड्यावर) चिकटपट्टीने जुन्या उंचीची खूण करावी. उंची तपासताना नेहमीची शॉर्ट्स आणि नेहमीचे बूट घालावेत, कारण पॅडची आणि तळव्याची जाडीही उंचीत धरावी लागते. संपूर्ण उंची उतरवूनही कंबर उजवीकडेच झुकत राहिली, तर पायांच्या लांबीतला फरक अस्थिरोगतज्ज्ञाकडून मोजून घ्यावा. तो खरोखर असेल तर आखूड पायाच्या क्लीटखाली (बूट पेडलला अडकवणाऱ्या पट्टीखाली) पातळ चकती घालून भरून काढता येतो.